बळीचं राज्य की ग्रामस्वराज्य? शिबिरात आधी काय मांडावं

कार्यकर्त्यांचं शिबिर ठरलं की तरुण मंडळी विचारतात: नुसत्या मागण्या वाचून दाखवल्या तर कुणी पेटत नाही, मग उद्याच्या समाजाचं चित्र कोणतं उभं करू? फुल्यांचं बळीराज्य की गांधींचं ग्रामस्वराज्य? मी दोन्ही मांडून पाहिली आहेत, त्यावरून सांगतो.

बळीराज्य शिकवावं लागत नाही. ओवाळताना आई-आजी ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतच आल्या आहेत. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त पुराणातली गोष्टच फिरवली: वामनाने पाताळात घातलेला बळी हा इथल्या रयतेचा न्यायी राजा होता. शिबिरात हे सांगितलं की मागे बसलेली बाई पुढे सरकते. रोजच्या ओठांवरच्या वाक्याचा अर्थ तिला त्या क्षणी लागलेला असतो. शिवाय या गोष्टीत वामन आहे. आपलं काय गेलं, कुणी नेलं, हे प्रश्न आपोआप निघतात.

उणीव अशी की राज्य आल्यावर कारभार कसा चालणार, हे ती गोष्ट सांगत नाही. न्यायी असला तरी राजा तो राजाच. त्यासाठी जोतीरावांच्या पश्चात १८९१ साली निघालेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ उघडावं. त्यातलं कुटुंब मला फार मोलाचं वाटतं: आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने नांदतात. हे लिहिणाऱ्या माणसाने १८६८ सालीच घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता.

गांधींचं गाव मात्र थेट कामाला घेता येतं. जुलै १९४२मध्ये आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी ते बारकाईने मांडलं आहे: अन्नधान्य आणि कापडापुरता कापूस गावातच, गुरांसाठी राखीव जमीन, शाळा, नाट्यगृह, स्वच्छ पाणी, आणि प्रौढ स्त्री-पुरुषांनी दरवर्षी निवडलेले पाच पंच. १९४६ साली त्यांनी हेही मान्य केलं की युक्लिडच्या भूमितीतला बिंदू कुणाला काढता येत नाही, तरी त्याचं मोल कमी होत नाही. हे चित्रही तसंच.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला या वाटेवर बरंच गाठता आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गोंड गावाची ग्रामसभा मतदान न घेता सर्वसहमतीने निर्णय करते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला.

पण मेंढ्यात जंगल सगळ्यांचं आहे आणि गाव बहुतांशी एका समाजाचं. जिथे वस्त्या जातीने वाटलेल्या, तिथे सर्वसहमती म्हणजे अनेकदा ज्याची जमीन त्याचंच म्हणणं. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८मध्ये संविधान सभेत गावाला संकुचितपणाचं डबकं म्हटलं, ते अनुभवाने. गांधींच्या गावातही जातींना जागा नाही, हे खरं. मात्र त्या जाती कुणाच्या फायद्यासाठी टिकल्या, हे त्या नकाशात दिसत नाही. बळीच्या गोष्टीत ते पहिल्याच पावलाला दिसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सामायिक जंगल असलेलं एकजिनसी गाव असेल तर ग्रामस्वराज्यापासून सुरुवात करा, फार वेळ घालवू नका. मिश्र वस्तीचं गाव असेल तर आधी बळी. हौदाची गोष्ट सांगा आणि थांबा. आपल्या गावच्या पाणवठ्याबद्दल लोकांना बोलू द्या, कितीही वेळ लागो. दुसऱ्या दिवशी मोठा कागद अंथरून गांधींचं गाव काढायला सांगा. विहीर, गायरान, मसणवटा कुठे, हे ठरवताना खडू आधी कालपर्यंत गप्प बसलेल्यांच्या हाती द्या.