वुक्रोचा पांढरा मध: पूर्ण दाम देऊन घ्यावा असा

इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात मेकेलेहून उत्तरेला तासाभरावर वुक्रो आहे. मेकेले विद्यापीठात शिकवत होते तेव्हा मध घ्यायचा तो इथूनच. 2020 मध्ये तिग्रायमध्ये पेटलेल्या युद्धात सगळंच तुटलं. आता मी अदिस अबाबात राहते. यंदा कामानिमित्त मेकेलेला जाणं झालं, तेव्हा मुद्दाम वुक्रो गाठून दोन किलो मध आणला.

दुकान छोटं. दारातच झाकण लावलेल्या प्लास्टिकच्या बादल्या. दुकानदार बाईंनी एक उघडली. वर मेणाचे कण आणि मधमाशीचा एक तुटका पंख. मोठा चमचा रोवला तर तसाच उभा राहिला. मध पांढराशुभ्र, रवा इतका बारीक की जिभेवर ताज्या लोण्यासारखा विरघळतो. गोडी जड नाही, घशाशी बसत नाही, आणि मागून रानतुळशीचा मंद वास येतो. तो येणारच, कारण हा मध मुख्यतः तेबेबच्या फुलांचा, आणि तेबेब हे तुळशीच्याच कुळातलं झुडूप. गरम हिंबाशाच्या तुकड्यावर, म्हणजे तिथल्या जाड गोल भाकरीवर, तो लावून खाल्ला की दुसरं काही नको वाटतं.

आपल्याकडची माणसं असा गोठलेला मध बघून "साखर घातलीय" म्हणतात. या मधाचा गुणच लवकर गोठण्याचा आहे. वितळवायला विस्तवावर ठेवू नका, सगळा वास जातो.

किंमत साखरेच्या कितीतरी पट. मी घासाघीस केली नाही, करूही नये असं माझं ठाम मत आहे. वुक्रोपासून जवळच अब्रेहा वे अत्स्बेहा हे गाव आहे. नव्वदच्या दशकात तिथली जमीन इतकी उजाड झाली होती की गाव उठवून दुसरीकडे वसवायचं घाटत होतं. लोक हलले नाहीत. गेब्रेमायकेल गिडे, ज्यांना सगळे आबा हावी म्हणतात, त्यांच्या पुढाकाराने गावाने डोंगरउतारांवर चराईबंदी केली. दगडी बांध घातले, चर खणले, ओढे अडवले, पाणी मुरवायला तळी केली. हे काम श्रमदानाचं. तिग्रायमध्ये वर्षातले ठरावीक दिवस प्रत्येक धडधाकट माणूस मृदसंधारणाला देतो. पाणी वर आलं, हाताने खणलेल्या विहिरींवर भाजीपाला आणि फळबागा उभ्या राहिल्या. 2012 मध्ये गावाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते चराईबंदीनंतरचं. गुरं आत सोडायची नाहीत, पण गवत कापून गोठ्यात न्यायला मुभा. आणि प्रांतात अनेक ठिकाणी अशा राखलेल्या डोंगरांवर जमीन नसलेल्या तरुणांच्या गटांना मधपेट्या ठेवायला जागा दिली. ज्याच्या वाट्याला शेताचा तुकडाही नाही, त्याला डोंगर राखण्यात स्वतःची कमाई दिसते. मग कुऱ्हाड घेऊन कुणी चढलंच, तर तो पोरगाच अडवतो. वनखात्याचा पहारेकरी किती पुरणार?

2020 ते 2022 च्या त्या युद्धात पेट्या जाळल्या गेल्या, लुटल्या गेल्या. प्रांताला वेढा पडला त्या काळात चूल पेटवायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा राखलेली झाडंही तुटली. पूर्वी ज्या दुकानात बादल्यांची रांग असायची तिथे यंदा तीनच होत्या. बाई म्हणाल्या, माशा परत येताहेत, हळूहळू. म्हणूनच मला वाटतं, की आज या मधाचे पूर्ण पैसे मोजणं म्हणजे तिथल्या माणसांना पुन्हा पेटी मांडायला हातभार लावणं.

तक्रार एकच, पण खरी. डबे फार पातळ. माझ्या एका डब्याचं झाकण विमानात तडकलं आणि पिशवी चिकट झाली. इतक्या चांगल्या मालाला काचेची बरणी हवी, आणि बरणीवर कुठल्या गावचा मध ते लिहिलेलं हवं. अदिसमध्ये याच नावाने साखरेचा पाक मिसळलेला माल मला एकदा मिळाला आहे; गावाचं नाव लिहिलं तर अशा भेसळीला थोडा तरी आळा बसेल.

घ्यायचाच असेल तर पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. नवा मध तेव्हाच उतरतो. दुकानात मध कुठल्या डोंगरावरचा ते विचारा. माहीत असलेला माणूस खुशीने सांगतो. स्वतःची बरणी न्या.