‘डबल बोन’ जर्मन शेफर्ड आणि न दाखवलेले आई-बाप

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका कुटुंबाला जर्मन शेफर्डचं पिल्लू विकलं गेलं ते ‘डबल बोन, शो क्वालिटी, केसीआय पेपरसह’ एवढ्या बोलीवर. ‘डबल बोन’ म्हणजे जाड हाडांचं, आणि केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था. पैसे यूपीआयने आधीच गेले, पिल्लू बायपासवर गाडीतून हातात आलं, त्याचे आई-बाप कुणी दाखवलेच नाहीत. वर्षाच्या आतच ते मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं उड्या मारत पळू लागलं, जिना चढायचं टाळू लागलं. एक्स-रेत दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ दिसल्या. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार. तोवर विक्रेत्याचा फोन बंद झाला होता.

केसीआयचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, खुब्यांबद्दल काहीच सांगत नाही. या जातीत मागायचा कागद वेगळा: आई आणि बाप, दोघांच्याही खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे अहवाल. खुब्यांची फिल्म कुत्र्याला गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून काढतात. अमेरिकेतली ओएफए ही संस्था पक्का दर्जा 24 महिने पूर्ण झाल्यावरच देते. म्हणजे सव्वा वर्षाच्या आईचे ‘हिप क्लिअर’ हे बोलणं तिथे चालणार नाही. अहवालावरचा 15 आकडी मायक्रोचिप नंबर स्कॅनरने त्याच कुत्र्याच्या कातडीखालच्या चिपशी जुळवून पाहा. आई-बाप निर्दोष असले तरी धोका कमी होतो, संपत नाही. जो विक्रेता ‘शंभर टक्के गॅरंटी’ देतो, त्याच्याकडून घेऊच नये.

पिल्लासोबत कॅल्शियमच्या बाटल्या देतात, तो प्रकार आम्हाला सगळ्यात घातक वाटतो. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शोषणं थांबवता येत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात ते पुरेसं असतं. वरून सिरप पाजलं की कूर्चा नीट हाडात न बदलण्याचा, पाय वाकडे होण्याचा धोका असतो. गुटगुटीत पिल्लू पाहून घरचे खूश होतात, पण त्या वजनाने सैल खुबा आणखी झिजतो. हात फिरवला की फासळ्या सहज लागल्या पाहिजेत.

वयाचीही लबाडी चालते. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तोंड उघडून पाहा: या वयात साधारण सगळे 28 दुधाचे दात आलेले असतात. मागच्या दाढा हिरडीतच असतील तर पिल्लू बहुधा लहान आहे. लसीच्या कार्डावर कुपीचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. आणि ‘48 तासांची हेल्थ गॅरंटी’ कामाची नाही, कारण पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लक्षणं बहुधा संसर्गानंतर 3 ते 7 दिवसांनी दिसतात. लेखी 14 दिवस मागा. पिल्लू आणलं की त्याच दिवशी इंदूरजवळच्या महूच्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा आपल्या डॉक्टरकडे तपासून तारखेसह कागद घ्या.

पैसे घेऊन पिल्लूच पाठवलं नाही तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर कळवा. आजारी पिल्लू गळ्यात मारलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, सगळं चॅट आणि एक्स-रे सोबत लागतील. चॅट मोबाइलमधून पुसू नका.