आवडत्या क्रिकेट साइटचं नवं रूप: काही महिने वापरून झाल्यावर

साइटचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला कुणाशी भांडण काढायचं नाहीये. क्रिकेटच्या साइट सगळ्याच हल्ली एकाच वळणावर चालल्यात, त्यामुळे नाव नसलं तरी वाचणाऱ्याचं काही अडणार नाही. जून २०२५ मध्ये, आयपीएल आटोपल्यावर लगेचच हिचं रूप पालटलं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती चिडचिड झाली असती, म्हणून मुद्दाम थांबलो. मध्ये इंग्लंड दौरा झाला, महिलांचा विश्वचषक झाला, रणजीचा नवा हंगाम सुरू झाला. आता बोलायला हरकत नाही.

आधी मी कसला वाचक आहे ते सांगतो, म्हणजे पुढची कुरकुर कुठून येते ते कळेल. आमच्याकडच्या क्लबच्या आणि शाळांच्या सामन्यांचा मी हौशी स्कोअरर. सामना संपला की आधी ताळा. फलंदाजांच्या धावा अधिक एक्स्ट्रा (फलंदाजाच्या खात्यात न जाणाऱ्या अवांतर धावा) बरोबर एकूण धावसंख्या. मग दुसऱ्या बाजूने, गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेग बाय, बरोबर तीच धावसंख्या. वाइड आणि नो बॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय-लेग बाय जात नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं. दोन्हीकडून आकडा जुळला की वही मिटायची. ही सवय इतकी लागलीय की कुठलंही स्कोअरकार्ड दिसलं तरी डोळे आपोआप वरून खाली आणि पुन्हा खालून वर जातात.

नव्या रूपात नेमकं हेच करता येत नाही. फलंदाजी एका टॅबमध्ये, गोलंदाजी दुसऱ्या, विकेट कधी पडल्या ते तिसऱ्या, भागीदाऱ्या चौथ्या. एक्स्ट्राच्या ओळीत नुसता आकडा. त्यात बाय किती नि वाइड किती हे हवं असेल तर शेजारच्या बारीक बाणावर बोट ठेवायचं. बाण इतका बारीक की पाचपैकी दोनदा तरी खालची जाहिरातच उघडते.

एक उदाहरण घ्या. १९ डिसेंबर २०२०, ॲडलेड, भारत ९ बाद ३६, शेवटचा शमी जखमी होऊन परतला आणि डाव संपला. हा डाव बघायचा म्हणजे अख्खा बघायचा. ४, ९, २, ०, ४, ०, ८, ४, ०, ४, १. अकरा जणांत एकही दोन आकडी नाही आणि एक्स्ट्राच्या रकान्यात शून्य. खाली गोलंदाजी (षटकं-निर्धाव षटकं-धावा-बळी): स्टार्क ६-३-७-०, कमिन्स १०.२-४-२१-४, हेझलवुड ५-३-८-५. सात, एकवीस, आठ: छत्तीस. इतका चोख ताळा क्वचित बघायला मिळतो, जखम आपलीच असली तरी. जुन्या पानावर हे सगळं एका नजरेत यायचं, मोबाइल आडवा धरला की पुरे. नव्या पानावर सगळ्यात वर काय आहे? ‘सर्वोत्तम कामगिरी’ अशी रंगीत चौकट, तिच्यात मयंक अगरवालचा हसरा फोटो आणि ठळक अक्षरांत ९. बिचाऱ्याचा काही दोष नाही. चौकट भरणारं यंत्र आहे, त्याला डावातला मोठ्यात मोठा आकडा उचलायला सांगितलंय, त्याने उचलला. पण हे पान लोकांपुढे ठेवण्याआधी कुणा क्रिकेटवेड्या माणसाने एकदा तरी डोळ्यांखालून घातलं असेल असं वाटत नाही.

जुन्या सामन्यांची आबाळ तर विचारू नका. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ चं कार्ड मी अधूनमधून उघडतो. १९४८-४९ चा हंगाम, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्र ४ बाद ८२६, कमल भांडारकर २०५, दुसऱ्या विकेटसाठी ४५५ ची भागीदारी. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी नाबाद ४५२ ला फक्त नऊ धावा कमी असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. जुन्या पानावर तळाला टीप होती, प्रतिस्पर्ध्याने सामना सोडल्याची. ती एक ओळ होती म्हणून तर नाबाद ४४३ चा अर्थ लागायचा. नव्या पानावर टीपच गायब. आता एखाद्या पोराने हे कार्ड उघडलं तर त्याला वाटेल कर्णधाराने डाव घोषित केला असावा. खेळाडूच्या पानावर अर्धा पडदा फोटोसाठी राखून ठेवलाय. जुन्या लोकांचे फोटो यांच्याकडे नाहीत, म्हणून तिथे करड्या रंगाचा बिनचेहऱ्याचा माणूस. भाऊसाहेबांच्या पानावर तोच आणि विजय हजाऱ्यांच्या पानावरही तोच. त्याच्या खांद्याखालून कुठेतरी आकडे सुरू होतात.

रणजीच्या बाबतीत याहून मोठा गोंधळ आहे. २०२४-२५ ची अंतिम लढत नागपूरला, विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित, पण पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी, त्यावर विदर्भाने चषक घेतला. रणजी बघणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की बाद फेरीत अनिर्णित म्हणजे पहिल्या डावाचा हिशोब. नव्या रूपात निकालाच्या पट्टीवर फक्त ‘अनिर्णित’ एवढंच राहिलंय. पुढचं वाक्य पट्टीत मावत नाही म्हणून तीन टिंबं टाकून कापलंय. विदर्भाच्या माणसाने हे वाचलं तर त्याला काय वाटत असेल!

आता न्यायाने बोलायचं तर चांगल्या गोष्टीही आहेत, आणि त्या नावापुरत्या नाहीत.

चालू सामन्याचं पान झकास झालंय. ४ ऑगस्टला लंडनच्या ओव्हल मैदानावर कसोटीच्या शेवटच्या दिवशी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि चार विकेट हातात होत्या, तेव्हा मी कराडहून चिपळूणला एसटीने निघालो होतो. कुंभार्ली घाटात नेटवर्क येतं-जातं, हे त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. जुनी साइट अशा वेळी पांढरी पडायची, सगळं पान पुन्हा मागवायला लागायचं. नवी मात्र शेवटचं जे आलं ते तसंच धरून ठेवते आणि रेंज आली की मधल्या चेंडूंचं समालोचन ओळीने भरून काढते. खांद्याला दुखापत झालेला वोक्स एक हात स्वेटरमध्ये घेऊन उतरला, सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला, आपण सहा धावांनी जिंकलो, हे सगळं मला एका वळणावरून दुसऱ्या वळणावर पण क्रमाने मिळालं. शेजारचे दोघे माझ्या मोबाइलमध्ये डोकावत होते, कंडक्टरही मध्येच येऊन विचारून गेला. एकच वाईट. सूचनेची घंटी पानाच्या पुढे धावते. विकेट पडल्याचं वर पट्टीत आधी दिसतं आणि खाली गोलंदाज अजून धावत येत असतो. घंटी बंद करता येते. सेटिंगमध्ये तिसऱ्या पातळीवर लपवलीय, पण करता येते.

२ नोव्हेंबरच्या रात्री, नवी मुंबईत महिलांची अंतिम लढत होती, तेव्हा वाटलं होतं की बसणार ही साइट. नाही बसली. शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माचे ५८ धावा आणि पाच बळी, वुलव्हार्टचं शतक, शेवटी ५२ धावांनी विजय, सगळं वेळेवर. महिला क्रिकेटला आता मुख्य पट्टीवर पुरुषांच्या शेजारीच जागा मिळालीय, आधी ते ‘इतर’ मध्ये शोधावं लागायचं. सांगलीकडच्या माणसाला स्मृती मानधनाच्या धावा शोधायला चार ठिकाणी फिरावं लागत नाही, हे मोठंच काम झालं. शोधपेटीही शहाणी झालीय. नावाचं स्पेलिंग चुकलं तरी माणूस सापडतो. अक्षरं मोठी करता येतात. काळ्या पार्श्वभूमीचं मला काही कौतुक नाही, ज्यांना आहे त्यांच्यासाठी ती आहे.

जाहिरातींचं मजेशीर झालं. रूप बदललं तेव्हा दर पाच षटकांनंतर ‘तुमचा संघ बनवा, पैसे जिंका’ छाप चौकट यायची. चौकटीची जागाच मुळी त्यासाठी आखली होती, हे उघड दिसत होतं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि त्या जाहिराती रातोरात गेल्या. काही दिवस त्या चौकटी रिकाम्याच राहिल्या, नुसती पांढरी खिंडारं. वाचायला तेव्हा सगळ्यात बरं वाटलं. आता तिथे आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आलेत. आवाज बंद असतो, पण डेटा जातो. ज्याला दिवसाला दीड जीबीत भागवायचंय त्याने हे व्हिडिओ आधी बंद करावेत.

आमच्या कंपूत प्रतिक्रिया दोन टोकांच्या आल्या. पोरांना काही फरकच पडलेला नाही. त्यांना चालू धावसंख्या, दोन मिनिटांचा व्हिडिओ, बास. माझा भाचा म्हणाला, “मामा, भागीदाऱ्या कोण बघतं?” दुसऱ्या टोकाला एक निवृत्त बँकवाले काका आहेत, जे प्रत्येक कसोटीचं कार्ड छापून फाइलला लावतात. त्यांच्याकडे वर्षांनुवर्षांच्या फायली आहेत, पाठीवर मालिकेचं नाव आणि साल घातलेल्या. जुनं कार्ड एका कागदावर यायचं. नवं छापायला दिलं तर पहिल्या पानावर काळा मेनू, दुसऱ्यावर फोटो, आणि जो टॅब उघडा असेल तेवढंच तिसऱ्यावर. काकांची शाई संपली आणि तोंडातून जे शब्द निघाले ते इथे लिहिता येणार नाहीत. आता ते हाताने उतरवून घेतात. अमेरिकेतल्या एका मित्राचं दुखणं वेगळंच. तो म्हणतो, मला रणजी बघायचं दुसरं साधनच नाही. खरंय ते. रणजीचे बरेचसे साखळी सामने टीव्हीवर दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी स्कोअरकार्ड हाच सामना असतो.

म्हणूनच या बदलाचा मला राग आहे. चालू सामना कुठेही कळतो. ही साइट लोक धरून बसले ते मागचं शोधता यायचं म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध मुंबईच्या तनुष कोटियनने दहाव्या क्रमांकावर नाबाद १२० आणि तुषार देशपांडेने अकराव्या क्रमांकावर १२३ केल्या. ९ बाद ३३७ वरून ५६९. शेवटच्या विकेटला २३२, रणजीच्या विक्रमाला एक धाव कमी. त्या दिवशी जुन्या साइटवर भागीदारीच्या आकड्यावर बोट ठेवलं की दहाव्या विकेटच्या सगळ्या मोठ्या भागीदाऱ्या ओळीने समोर यायच्या. त्यातून मी थेट १९४६ च्या ओव्हलवर पोचलो. इंग्लंडमधला सरे हा काउंटी संघ विरुद्ध भारतीय संघ, चंदू सरवटे नाबाद १२४, शुटे बॅनर्जी १२१, ९ बाद २०५ वरून ४५४. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतक करायचं हे त्यापूर्वी तेवढं एकदाच घडलं होतं. मी ते दोन्ही डाव शेजारी ठेवून तासभर बसलो होतो, जेवायला बोलावलं तरी उठलो नाही. आज त्याच आकड्यावर बोट ठेवलं की ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून गेल्या आयपीएलचे षटकार येतात.

उपाय म्हणून जे चाललंय ते सांगतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडली तर फलंदाजी आणि गोलंदाजी अजून एकाच पानावर येते. अक्षरं मुंगीएवढी, पण येते. ॲप वापरू नका, त्यात ही सोय नाही. जुन्या कार्डांचे साठवलेले दुवे बरेचसे मेलेत. ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (तिथे जुनी वेबपानं साठवलेली असतात) टाकून बघा. नावाजलेले सामने बहुतेक सापडतात, रणजीचे साखळी सामने नशिबावर. भाऊसाहेबांच्या कार्डाची ती तळाची टीप मला तिथेच मिळाली. तिचा फोटो काढून ठेवलाय.

अभिप्रायासाठी साइटवर पाच चेहरे दिलेत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. लिहायला जागाच नाही. मी मधला चेहरा दाबला, त्यावर ‘धन्यवाद, तुमच्यामुळे आम्ही घडतो’ असं आलं.

पाचपैकी तीन तारे. अडीच चालू सामन्याचे, अर्धा महिला क्रिकेटला वर आणल्याचा. एक्स्ट्राची ओळ उघडी ठेवा, विकेट कधी पडल्या ते फलंदाजीच्या खाली परत आणा, रणजीच्या निकालात आघाडी लिहा आणि काकांसाठी छापायचं एक साधं बटण द्या. एवढं केलंत तर चौथा तारा आजच देतो. पाचवा मात्र मयंक अगरवालची ती चौकट काढल्याशिवाय मिळणार नाही.