घोड्याचा डोळा तपासायचाय: पापणीचा ब्लॉक घ्यावा की नुसत्या गुंगीवर भागवावं?

ऐन पावसात, गोव्यात पेडण्याच्या बाजूला, आमच्या घोडीचा डावा डोळा सकाळी घट्ट मिटलेला दिसला. गालावर पाण्याचा ओघळ, आणि वरच्या पापणीचे केस समोर असायचे ते खाली झुकलेले. हे केस झुकले की डोळा दुखतोय असं समजावं. डॉक्टर म्हणाले, "पापणीचा ब्लॉक देऊ, म्हणजे सुईने पापणीची नस बधिर करू." मोतद्दार म्हणाला, "गुंगी देऊया की, डोळ्याजवळ सुई कशाला?" तुमच्या तबेल्यातही हाच वाद होणार, म्हणून लिहितोय.

आधी गुंगीचं. झायलाझिन किंवा डेटोमिडिन दिलं की घोडा मान टाकतो, शांत उभा राहतो. पण पापणी पुरेशी ढिली पडत नाही. घोड्याचा पापणी मिटणारा स्नायू इतका दणकट, की दोन अंगठ्यांनी जोर लावला तरी फट जेमतेम उघडते. बुबुळावर खोल जखम असेल तर त्या ओढाताणीत डोळा फुटूही शकतो. नेहमीच्या तपासणीला, डोळा आपणहून उघडा असेल तर, गुंगी पुरते. कित्येकदा तीही लागत नाही.

ब्लॉकमध्ये सुई डोळ्यात जात नाही, मोतद्दाराची भीती तेवढीच होती. डोळ्यामागून कानाकडे जाणाऱ्या हाडाच्या कमानीवर बोट फिरवलं तर कातडीखाली सुतळीसारखी नस इकडून तिकडे सरकते. तिथे बारीक सुईने २ मिलि. लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध. पाचेक मिनिटांत पापणी लोंबते आणि एका बोटाने उचलता येते. आमच्या घोडीला आधी थोडी गुंगी, मग ब्लॉक, असं दोन्ही दिलं. बिचकणाऱ्या जनावराला तेच बरं.

मात्र ही नस फक्त हालचालीची. पापणी मिटत नाही, पण तिला कळतं सगळं. पापणीला टाका घालायचा असेल तर भुवईच्या हाडातल्या भोकापाशी दुसरा ब्लॉक लागतो. त्याने वरच्या पापणीचा मधला मोठा भाग बधिर होतो. बुबुळासाठी भुलीचे थेंब वेगळे. एकाच इंजेक्शनात सगळं सुन्न होईल असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा.

माझ्या मते खरा घोळ होतो तो क्रमात. डोळ्यासमोर अचानक हात नेऊन घोडा दचकून पापणी मिटतो का, ही दिसण्याची चाचणी. ब्लॉकनंतर ती केली तर डोळस घोडाही आंधळा ठरेल, कारण मिटायला पापणीच चालत नाही. पापणीला बोट लावून पाहायची चाचणीही तशीच फसते. तेव्हा या दोन्ही सुईच्या आधी. अश्रू मोजायची कागदी पट्टीही गुंगी, ब्लॉक आणि भुलीच्या थेंबांच्या आधी. जखम दाखवणारा हिरवा रंग आणि टॉर्चने आत डोकावणं मात्र ब्लॉकनंतरच सोयीचं.

डोळ्यातला दाब मोजायचा तर हिशेब थोडा वेगळा. शांत, निरोगी घोड्यात ब्लॉकमुळे आकडा फारसा हलत नाही. झायलाझिनने तो उतरतो. मान छातीखाली गेली की चढतो, पापणी आवळली किंवा ओढली तरी चढतो. म्हणून गुंगीतल्या घोड्याची हनुवटी कुणीतरी उचलून धरावी, आणि पुढच्या वेळीही त्याच पद्धतीने मोजावं. (डिचोलीच्या घोडेमोडणी नाचातल्या लाकडी घोड्यांना यातली एकही कटकट नाही!)

थोडक्यात, डोळा घट्ट मिटलेला, दुखरा, जखमेचा संशय, तर मी ब्लॉकच घेईन. आपल्या दमट हवेत बुरशीची जखम झपाट्याने वाढते, त्यामुळे उद्या बघू म्हणून चालत नाही. नुसतं पाणी येतंय आणि डोळा उघडा आहे, तर सुईशिवाय बघायला सांगेन.

ब्लॉकची एक किंमत आहे. तास-दोन तास, कधी जास्तही, डोळा मिटत नाही आणि कोरडा पडतो. डॉक्टरांनी मलम घालून दिलं. किनाऱ्यावरची वाळू आणि वारा नको म्हणून आम्ही तिला आतच बांधलं. मोतद्दार दर थोड्या वेळाने तिच्या पापणीच्या केसांना बोट लावून बघत होता. दुपारच्या चाऱ्याला पापणी अर्धी हलली, चारा संपेपर्यंत पुरती मिटली.