स्लीव्ह की बायपास : निवडीपूर्वी पथ्याचा विचार

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की ‘किती किलो उतरतील’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. आहाराचा सल्ला देताना मला मात्र कोणते पथ्य आणि कोणत्या गोळ्या जन्मभर निभावता येतील, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण स्लीव्ह आणि बायपास या अशा दोन शस्त्रक्रियांतला खरा फरक तिथेच आहे.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत तो फारसा जाणवत नाही. दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होतात, दोन-तीन दिवसांत घरी जाता येते आणि बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी सुरू होते. आधी पाणी आणि मुगाच्या कढणाचे निवळ, मग दूध, ताक, पातळ दही. तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेले वरण, पुढे मऊ पनीर, अंडे किंवा मासे, असा आहार चढत जातो. अर्धी वाटी वरण संपवायला वीस मिनिटे लागतात. घाईने गिळलेला भाकरीचा कोरडा तुकडा छातीच्या मधोमध अडकून बसतो, तोंडाला पाणी सुटते आणि उलटी झाल्यावरच मोकळे वाटते. जेवताना पाणी प्यायचे नाही. ते अर्ध्या तासाने, घोट घोट करून. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात आणि एका अंड्यातून जेमतेम 6 ग्रॅम मिळतात, त्यामुळे सुरुवातीला, विशेषतः शाकाहारी व्यक्तींना, प्रोटीन पावडर टाळता येत नाही.

पुढे वाटा वेगळ्या होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात. आतड्यांना हात लावत नाहीत. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. मात्र उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो, आणि ज्यांना आधीच छातीत जळजळ होते त्यांचा त्रास बळावू शकतो.

बायपासमध्ये जठराची सुमारे 30 मिलीलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जळजळ बहुधा कमी होते आणि टाइप 2 मधुमेहावर नियंत्रण सहसा अधिक चांगले मिळते. पण लोह आणि कॅल्शियम शोषणारा आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. म्हणून मल्टिव्हिटॅमिन, लोह, बी-12, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सायट्रेट कायम घ्यावे लागते, तेही लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवून. स्लीव्हनंतरही गोळ्या आणि रक्ततपासण्या चुकत नाहीत. बायपासनंतर त्या चुकवण्याची किंमत जास्त मोजावी लागते. अंगावरून जास्त जाणाऱ्या, हिमोग्लोबिन मुळातच कमी असलेल्या स्त्रियांनी हे आधीच नीट तोलावे.

गोडाचेही तसेच. बायपासनंतर वाटीभर श्रीखंड खाल्ले तर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. यालाच डंपिंग म्हणतात. स्लीव्हनंतर हे तुलनेने कमी घडते. सणावारी आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना ही गोष्ट अगोदरच समजावून सांगावी, म्हणजे पंगतीत कुचंबणा होत नाही.

कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर ताप, वेगाने चालणारी नाडी, वाढती पोटदुखी किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसल्यास त्याच दिवशी सर्जनला गाठावे. टाक्यांतून गळती होत असू शकते, आणि सततच्या उलट्यांनी थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व घटून मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

माझे मत विचाराल तर जुनी जळजळ आणि मधुमेह असेल तिथे बायपासकडे कल असावा. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी औषधे सतत लागत असतील, तर बायपासच्या जोडावर व्रण होण्याचा धोका असतो, म्हणून तिथे स्लीव्ह बरी. ज्यांना जळजळही आहे आणि या गोळ्यांवाचून चालतही नाही, त्यांनी आधी एंडोस्कोपी करून घ्यावी आणि दुसऱ्या प्रकारच्या वेदनाशामकावर भागेल का, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारून मगच सर्जनला होकार द्यावा.