जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: साबणाचे पाणी, निंबोळी तेल की इमिडाक्लोप्रिड?

मुंबईतल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये वाढवलेल्या जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळू लागल्या, शेंड्याची पाने आखडली आणि बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, तर तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो. कुंडीच्या काठावरून शेंड्याकडे जाणारी मुंग्यांची रांग पुष्कळदा त्याच्याही आधी नजरेस पडते, कारण हे कीटक रस शोषून जो गोड, चिकट स्राव टाकतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. फवारणीपूर्वी एकदा भिंगातून मात्र जरूर पाहावे. लांब मेणतंतूंची झालर असलेली, चपळ पांढरी अळी पिठ्या ढेकणांवरच जगणाऱ्या क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची असू शकते. ती दिसल्यास फवारणी लांबणीवर टाकणेच शहाणपणाचे.

साबणाचे पाणी सर्वांत स्वस्त. लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण पुरतो. कपड्यांच्या पावडरीने पाने करपतात. साबणाचे पाणी ज्या किड्याच्या अंगाला लागेल त्यालाच मारते, नंतर त्याचा प्रभाव उरत नाही, आणि अंड्यांच्या मेणकट पिशवीत ते नीट शिरत नाही. म्हणून जुन्या ब्रशने पुंजके खरवडून, पानांची खालची बाजू भिजवून, आठवड्याने पुन्हा तेच करावे लागते.

निंबोळी तेल लिटरला ५ मिलि या प्रमाणात, थोड्या साबणासह घुसळून वापरतात. त्यातील अझाडिरॅक्टिन किडीचे खाणे आणि कात टाकणे रोखते, तात्काळ मारत नाही. दुसऱ्या सकाळी मेलेले किडे शोधणाऱ्यांना तेल भेसळीचे वाटते ते यामुळेच. उन्हात ते लवकर विघटित होते आणि पानेही भाजतात, त्यामुळे फवारणी सूर्यास्तानंतर करावी. पावसाळ्यात उघड्या ग्रिलवर ते धुऊन जाते. वास दोन दिवस घरात रेंगाळतो, आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तेलकट थेंब पडले तर भांडणही ठरलेले.

इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक आंतरप्रवाही असल्याने रसावाटे लपलेल्या किडीपर्यंत पोहोचते, हा त्याचा निर्विवाद फायदा. परंतु तेच मधुरसातही उतरते. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. आपल्या जास्वंदीवर मधुरस पिणारा शिंजीर पक्षी येतो, तिची फुले गणपतीला वाहिली जातात आणि शेजारच्या कुंडीतील तुळशीची पाने आपण खातो. शिवाय लाल कोळी या रस शोषणाऱ्या दुसऱ्या किडीवर ते चालत नाही.

दोन-चार कुंड्यांसाठी माझा कौल स्पष्टपणे ब्रश आणि साबणाच्या पाण्याला आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत कीड परतत राहिली, तरच निंबोळी तेलाची जोड द्यावी. झाड हाताबाहेर गेले असेल, तर रसायनाऐवजी कडक छाटणी करावी, आणि छाटलेले शेंडे सोसायटीच्या बागेत न टाकता पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावेत.