१:१८ बोइंग ७३७-२०० स्लोप ग्लायडर : आठ महिन्यांचा अनुभव, आणि खिडक्यांविषयी जरा जास्तच

मघा नक्षत्राच्या उघडिपीत बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला एका पश्चिमाभिमुख उतारावर माझे रेडिओने चालवायचे छोटे स्लोप ग्लायडर, म्हणजे उतारावरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर मोटरविना उडणारे प्रतिकृती विमान, कड्याला समांतर येरझारा घालत असताना त्याच्या डाव्या अंगाच्या सगळ्या खिडक्या एकाच वेळी सुटल्या. खिडक्यांच्या स्टिकरची ती लांबलचक पट्टी पतंगाच्या शेपटासारखी क्षणभर मागे लहरली आणि खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडली. विमानाच्या उडण्यात तिळमात्र फरक पडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. फरक पडला तो माझ्या मनःस्थितीत, आणि हा अनुभव लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे.

संच मी गेल्या नोव्हेंबरात मागवला होता. लेझरने कापलेल्या प्लाय व बाल्साच्या फ्रेम, थर्माकोलचे पंखांचे गाभे, नाकाचा थर्माकोलचाच ठोकळा, इंजिनांच्या दोन नळ्या आणि स्टिकरचा एक कागद एवढ्या ऐवजाचे अकरा हजार पाचशे रुपये मोजले. मूळ विमानाचा पंखविस्तार २८.३५ मीटर आणि लांबी ३०.५३ मीटर, म्हणजे या प्रमाणात सुमारे १५७ आणि १७० सेंटिमीटर होतात. हेच विमान का, याची दोन कारणे आहेत. लहानपणी दाभोळीच्या विमानतळावर इंडियन एअरलाइन्सची नारिंगी शेपटीची ७३७ पाहिली होती, हे भावनिक कारण झाले. व्यावहारिक कारण असे की २०० मालिकेची इंजिने बारीक, लांबट आणि पंखाला घट्ट चिकटलेली असतात. पुढच्या मालिकांची इंजिने इतकी फुगीर आहेत की चाके नसलेले आपले ग्लायडर पोटावर उतरले की पहिला धक्का त्यांनाच बसतो. या संचात ती लोहचुंबकांनी बसतात, उतरताना आपटली तर सुटून बाजूला पडतात, आणि पुन्हा लावली की काम संपते. ही योजना उत्तम आहे. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

बांधणीविषयी फार लिहीत नाही, कारण आराखडा स्पष्ट आहे आणि ज्याने एखादे बाल्साचे ग्लायडर केले आहे त्याला अडचण येणार नाही. पंखाचा छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारा आकार, आरजी-१५ या नावाचा आहे. टोकाकडे पंखाला सुमारे दोन अंशांचा खालचा पीळ द्यावा असे आराखड्यात म्हटले आहे आणि तो टाळू नये, कारण मागे झुकलेला पंख वेग कमी झाला की आधी टोकाला दगा देतो. रडर (शेपटीचे उभे सुकाणू) मी स्थिर ठेवले आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) व एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) एवढ्यावर भागवले. तयार विमानाचे वजन १,७४० ग्रॅम भरले.

खरा विषय पुढेच आहे, कारण या विमानाचे बरेवाईट बांधणीपेक्षा रंगसफाईवर ठरते. पंखांना मी आधी महागडी परदेशी फिल्म, म्हणजे उष्णतेने चिकटणारे प्लास्टिकचे पातळ आवरण, इस्त्रीने लावली होती. फेब्रुवारीत पहिल्या उड्डाणानंतर ती इतकी गुळगुळीत आणि देखणी दिसली की ओळखीच्या दोघातिघांना मी फिल्मच घ्या असा आग्रह केला. ते शब्द आता जाहीरपणे मागे घेतो. इस्त्री थोडी जास्त तापली की खालचे थर्माकोल वितळते, कमी तापली की फिल्म नीट धरत नाही, आणि या दोन्हींच्या मध्ये जी योग्य उष्णता असते ती माझ्या इस्त्रीच्या चकतीवर कुठेही लिहिलेली नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी विमान गाडीच्या डिकीत राहिले, आणि संध्याकाळी पाहतो तो दोन्ही पंखांवर पापडासारखे फोड आलेले होते. दोन रोल फिल्मचे चोवीसशे रुपये त्या एका दुपारी पाण्यात गेले.

मे महिन्यात फिल्म सोलून काढली आणि खडेबाजारातून वह्यांना घालायच्या खाकी कागदाची गुंडाळी आणली, जी शाळा सुरू होण्याच्या सुमारास कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. कागद पाण्यात भिजवून निथळावा, त्याच्या खरखरीत बाजूला पातळ केलेले फेविकॉल लावावे आणि तो पंखावर मधून कडांकडे हाताने सारत न्यावा. ओला असताना कागद सुरकुतलेला आणि केविलवाणा दिसतो, पण वाळताना आक्रसतो आणि ढोलकीसारखा ताणून बसतो. याच ताणात एक धोकाही आहे. पहिल्या दिवशी मी डाव्या पंखाची फक्त वरची बाजू केली आणि खालची दुसऱ्या दिवसावर ढकलली. सकाळी तो पंख केळ्यासारखा वाकलेला होता. तो पुन्हा ओला करून सरळ करण्यात अख्खा रविवार गेला. त्यानंतर दोन्ही बाजू एकाच बैठकीत करून, गाभा ज्या ठोकळ्यातून कापला जातो त्याच्याच वरच्या-खालच्या साच्यांत पंख दाबून ठेवला आणि त्यावर विटा रचल्या. सजावटीच्या थर्माकोलवर २०२२ पासून बंदी आहे, पण पूर्वी थर्माकोलची मखरे करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. संचाबरोबर ते साचे आले नाहीत तर त्यांच्या तारेच्या कटरवर ते सहज कापून मिळतील.

कागदावर पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचे तीन हात दिले आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर फिरवला. फिल्मच्या तुलनेत विमान पन्नासएक ग्रॅमने जड झाले. फेब्रुवारी-मार्चच्या मंद वाऱ्यात हे वजन जाणवले असते, पण जून ते सप्टेंबर या काळात आपल्या पश्चिमेच्या वाऱ्यात ते उलट उपकारक ठरते, कारण जड विमान वाऱ्याला जास्त जोमाने भेदून पुढे सरकते आणि कड्याच्या मागे ढकलले जात नाही. खर्च साहित्य धरून तीनशे रुपयांच्या आत झाला. जांभ्याच्या माळावर पोट घासून खरचटले तर कागदाचा तुकडा चिकटवून जागेवरच डागडुजी करता येते, जी फिल्मच्या बाबतीत मला कधीच जमली नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र एक मूर्खपणा माझ्या हातून झाला. नाकाचा ठोकळाही कागदाने मढवला होता, म्हणून मी तो निर्धास्तपणे ओळखीच्या गॅरेजवाल्या पेंटरकडे ड्युकोचा, म्हणजे थिनर घातलेल्या मोटारीच्या रंगाचा, हात देण्यासाठी नेला. थर्माकोल थिनरमध्ये विरघळते हे मला ठाऊक होते. कागदात टाचणीएवढे छिद्र राहिले आहे हे ठाऊक नव्हते. रंग बाहेरून सुरेख बसला, आणि दोन दिवसांनी बोटाने दाबल्यावर किडलेल्या दाढेसारखी आत पोकळी निघाली. ती लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली. लांबी जड असते, पण विमानाचा तोल साधायला नाकात तशीही शिशाची गरज होती, म्हणून ते नुकसान फुकट गेले नाही. हेच शेपटीच्या बाबतीत घडले असते तर मी क्षमा केली नसती. गुरुत्वकेंद्रापासून शेपटी जितकी दूर आहे त्या मानाने नाक थोडे जवळ आहे, त्यामुळे मागे दहा ग्रॅम रंग चढला की पुढे बारा-तेरा ग्रॅम शिसे वाढते. म्हणून पूर्ण विमानाला लांबी फासून आरशासारखे करण्याचा मोह शेपटीपाशी आवरावा. तेथे कागदाचा पोत थोडा दिसला तरी पंचवीस मीटरवरून तो कोणाला दिसत नाही.

शुभ्र विमानाबद्दल एक इशाराही देतो. पावसाळी ढगांसमोर पांढरे विमान दीडशे मीटरवर गेले की ते येत आहे की जात आहे हेच समजेनासे होते, आणि मागे झुकलेले पंख हा संभ्रम वाढवतात. जुलैमध्ये एकदा मी उजवीकडे समजून डावीकडे वळवले आणि विमान कड्याच्या मागच्या खाली दाबणाऱ्या हवेत शिरले; गवतावर पडले म्हणून वाचले. नारिंगी शेपटीने बाजूने पाहताना मदत होते, खालून पाहताना होत नाही. तेव्हापासून डाव्या पंखाच्या पोटाला तळहाताएवढा काळा पट्टा आहे. तो मूळ विमानावर नव्हता हे मला कोणी सांगू नये.

आता खिडक्या. संचातील स्टिकरच्या कागदावर पंखावरच्या भागात प्रत्येक बाजूला दोन आपत्कालीन दरवाजे छापलेले आहेत. ७३७-२०० ला प्रत्येक बाजूला पंखावर एकच आपत्कालीन दरवाजा असतो. दोन असतात ते ४०० आणि ८०० मालिकांच्या लांब विमानांना. म्हणजे विक्रेत्याने थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातला आहे. डिसेंबरातच मी हे कळवले होते. पुण्याच्या कार्यालयाने सांगितले की बेळगाव कर्नाटकात येते, तेव्हा बेंगळुरूच्या वितरकाशी बोला. बेंगळुरूच्या वितरकाने सांगितले की बिल पुण्याचे आहे, तेव्हा पुण्याशी बोला. या सीमेवर राहणाऱ्याला हा संवाद नवा नाही, पण निदान विमानाच्या बाबतीत तरी तो ऐकावा लागणार नाही असे मला वाटले होते. शेवटी नाइलाजाने तीच पट्टी लावली, आणि ऑगस्टमध्ये ती उडून गेल्यावर छायाचित्रांसह चार पत्रे पाठवली. उत्तरादाखल साडेचारशे रुपयांचे एक कूपन आले, जे पाच हजारांच्या पुढील खरेदीवरच चालते.

येथपर्यंतचा मजकूर मी ज्या रागात लिहिला, त्या रागाला एक छेद देणे भाग आहे. जाळीतून परत मिळालेल्या पट्टीची मागची बाजू पाहिली तर तिच्या गोंदावर पिठासारखा पांढरा थर होता. तो माझ्या लांबीचा होता. त्या अंगाचा पॉलिश पेपर झाल्यावर मी कोरड्या फडक्याने पुसले होते, ओल्या फडक्याने नव्हे. आणि रंगाचा हात दिल्यावर दोनच दिवसांनी, म्हणजे रंग आतून पुरता वाळण्याआधी, स्टिकर लावला होता. उजव्या बाजूला सासऱ्यांच्या आजारपणामुळे मध्ये तीन आठवडे गेले होते, आणि ती पट्टी आजही नखाने निघत नाही. तेव्हा चिकटपणाबद्दलचा आरोप मी मागे घेतो. दरवाज्यांबद्दलचा घेत नाही.

डाव्या बाजूसाठी मी दुचाकींच्या नंबरप्लेट करणाऱ्या एका रेडियमच्या दुकानात गेलो. छायाचित्र आणि मोजमाप दिल्यावर त्या तरुणाने संगणकावर एकेक खिडकी कोपरे गोलसर करून आखली आणि विचारले, “एकच दरवाजा ठेवायचा न्हवं, सर?” त्याला कोणी मालिका समजावून सांगितल्या नव्हत्या, त्याने फक्त छायाचित्र पाहिले होते. ऐंशी रुपये घेतले. खिडक्या सुट्या असल्याने एखादी निघाली तरी सगळी रांग जाणार नाही. त्या लावण्याआधी मी ओल्या फडक्याने दोनदा पुसले आणि तीन आठवडे वाट पाहिली.

सध्या विमानाला डावीकडे एक आणि उजवीकडे दोन आपत्कालीन दरवाजे आहेत. उजवी पट्टी उकरून काढायला गेलो तर खालचा कागद सोलून निघेल, म्हणून ती तशीच ठेवली आहे. कड्यावर उभे राहताना मी विमान शक्यतो डाव्या बाजूने लोकांसमोर धरतो.